हुकूम सुटला, काम झालें काय?

सेवानिवृत्तीनंतर माणसास कांहीं तरी व्यसन जडतेंच. कोणी पहाटे उठून समुद्रावर फिरावयास जातो, कोणी पोथ्या वाचतो, कोणी शेजाऱ्यांच्या भांडणांत पंच होतो. आम्हांस जडलेलें व्यसन जरा चमत्कारिक आहे. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यापुढें जें कांहीं झालें तें पाठशाळेंतील कौमुदी व काव्य. असें असूनही दोन वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुटींत आमची नात पुण्याहून आली असतां तिनें आम्हांस संगणकाची एक भाषा शिकविली, आणि तेव्हांपासून दुपारची वामकुक्षी आमच्या वाट्यास फारशी आलेली नाहीं. या भाषेचें नांव रूबी, म्हणजे माणिक. जपानांतील युकिहिरो मात्सुमोतो या गृहस्थांनीं ती रचून १९९५ सालीं लोकांपुढें ठेविली. त्या काळीं पर्ल नांवाची एक भाषा प्रसिद्ध होती; तिच्या नांवाचा उच्चार इंग्रजींतील मोत्यासारखा, म्हणून हिचें नांव दुसऱ्या रत्नावरून पडलें. जपानी गृहस्थ रत्नपारखी दिसतात, अशी आमच्या सौभाग्यवतींनीं त्यावर टीका केली.

आजचा विषय मात्र त्या भाषेची स्तुति हा नव्हे. आमच्या एका गैरसमजुतीमुळें घरांतील बहात्तर पानें कायमचीं नाहींशीं झालीं, तिची ही हकीकत आहे. ज्या घरांतून मुलेंमुली हीं यंत्रें दिवसरात्र चालवितात, त्या घरांतील वडील माणसांसही ती समजावी अशा बेतानें आम्ही ती सांगणार आहों.

आमच्या आजोबांनीं १९३१ पासून १९५२ पर्यंत वाडीची रोजकीर्द ठेविली होती. नारळ किती उतरविले, सुपारी कोणास दिली, रहाटाच्या बैलास किती पेंड लागली, कोण पाहुणा आला व किती दिवस राहिला, हें सर्व निम्में मोडींत व निम्में बाळबोधींत तींत लिहिलेलें असे. त्या वह्या माळ्यावरील शिसवी पेटींत होत्या. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें, तो दिवस आमच्या अष्टागरांत कोणी विसरणार नाहीं. तासीं शंभर ते एकशेंदहा किलोमीटर वेगाचा वारा, त्यांत पाऊस. डोळ्यांदेखत पोफळी मध्येंच मोडून पडत होत्या. आमच्या घराचीं पश्चिमेकडील कौलें उडालीं आणि पेटी रात्रभर भिजली. वह्यांचा लगदा झाला. सुदैव एवढेंच कीं, आदल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें हौसेखातर सर्व पानांचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं होतीं. तीं एकंदर १,१४० भरलीं. त्या दिवसापासून आजोबांचें दप्तर म्हणजे तीं छायाचित्रें.

गेल्या चातुर्मासांत संगणकांत जागा अपुरी पडूं लागली, म्हणून आम्हीं बाहेरून जोडावयाची एक डिस्क आणविली आणि रूबींत दहा ओळींची आज्ञावली लिहिली. काम साधें होतें: एक छायाचित्र घ्यावें, त्याची नक्कल डिस्कवर करावी, मूळ पुसावें, आणि पुढच्याकडे वळावें.

यांतील नकलेचें काम आम्हीं रूबीकडून न करवितां शेलकडून करविलें. शेल म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. संगणकाच्या कारभाराचा जो अगदीं आंतला भाग, त्यास कर्नल म्हणजे गर म्हणतात. आणि माणसाचा हुकूम ऐकून तो त्या गरापर्यंत पोंचविणारा जो मध्यस्थ, त्यास शेल म्हणजे कवच म्हणतात. आमच्या नारळाच्या मुलखांत खोबरें व करवंटी हे शब्द अधिक शोभले असते. केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सोबती यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स नांवाची व्यवस्था रचावयास घेतली, तिच्याबरोबर ही पद्धत वाढली व आजतागायत चालू आहे. नक्कल करणें, फाइली आवळून बांधणें, एखादा शब्द शोधणें, दोन फाइली ताडून पाहणें, अशा एकेका कामास वाहिलेले शेंकडों सेवक तेथें हुकमाची वाट पाहत उभे असतात. रूबीनें स्वतः सर्व करावें असें नाहीं. ती त्यांच्याकडून करवूं शकते.

करणें आणि करविणें! व्याकरणाच्या वाचकांस येथें प्रयोजक व प्रयोज्य कर्त्यांची आठवण होईल. देवदत्त भात शिजवितो. यज्ञदत्त देवदत्ताकडून भात शिजववितो. यज्ञदत्तही कर्ताच, पण चुलीजवळ तो नसतो. भात करपला तर त्यास पानावर बसल्यावरच कळणार. आमची आज्ञावली यज्ञदत्त होती, आणि तिनें चुलीकडे एकदांही वळून पाहिलें नाहीं.

हुकूम सोडून आम्ही चहास गेलों. परत येऊन पाहतों तों पडद्यावर शेवटीं ओळ उमटलेली: ‘सर्व काम पूर्ण.’ आम्हांस धन्यता वाटली. ती ओळ आम्हींच लिहिलेली होती, व ती कोणत्याही परिस्थितींत उमटणारच होती, हें त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं. डिस्कवरील नांवें मोजलीं तीं बरोबर १,१४०. चार दिवसांनीं शेवटचीं पानें उघडूं गेलों, तेव्हां घाम फुटला. ९२८ पानें नीट होतीं. ९२९ वें पान वर अक्षरें व खालीं राखी रंगाचा पट्टा असें अर्धवट. पुढील २११ फाइली नांवापुरत्या, आंत शून्य. डिस्क आधींच पुष्कळ भरलेली होती, तींतील जागा संपली होती. नक्कल करणाऱ्या सेवकानें प्रत्येक खेपेस ‘जागा नाहीं’ म्हणून सांगितलें होतें, आणि आमच्या आज्ञावलीनें प्रत्येक खेपेस मूळ पान पुसलें होतें.

नातीस फोन केला. ती हंसली नाहीं, हें तिचें सौजन्य. म्हणाली, “आजोबा, तुम्ही हुकूम सोडलात. तो पार पडला कीं नाहीं, हें विचारलंत कुठें?”

“अगं, पण झालें नाहीं तर त्यानें सांगावयास नको काय?”

“सांगितलं होतं त्यानं. दोनशेंबारा वेळां सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहींत.”

त्यानंतर तीन रविवार तिनें आमची शिकवणी घेतली. तींतील सार येथें देतों.

रूबींत ‘सिस्टिम’ या शब्दानें हुकूम दिला असतां उत्तर तीनांपैकीं एक येतें. समजा, आपण मुलास वाण्याकडे साखर आणावयास धाडिलें. तो साखर घेऊन आला, हें पहिलें उत्तर. रूबी त्यास ‘ट्रू’ म्हणते. तो दुकानापर्यंत गेला, पण साखर मिळाली नाहीं म्हणून हात हालवीत आला, हें दुसरें, तें ‘फॉल्स’. आणि त्या नांवाचा मुलगाच घरांत नाहीं, तेव्हां कोणी उंबरठाही ओलांडला नाहीं, हें तिसरें, तें ‘निल’. दुसरें व तिसरें या दोहोंसही रूबी नकारच समजते, म्हणून ‘झालें तरच पुसावें’ एवढी एक अट घातली असती तरी आमचीं पानें वांचलीं असतीं. उपाय मात्र दोहोंचे निराळे. साखर नसेल तर दुसरें दुकान पाहावें. मुलगाच नसेल तर दुकानें बदलून काय होणार?

ज्यांस प्रत्येक ठिकाणीं अट घालण्याचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठीं २०१८ च्या डिसेंबरांत आलेल्या रूबीच्या २.६ या आवृत्तीपासून एक सोय झाली आहे. हुकमाबरोबर ‘एक्सेप्शन’ हा पर्याय चालू म्हणून लिहिला कीं, काम फसतांच आज्ञावली जागच्या जागीं ओरडून थांबते. पुढचें पाऊल पडतच नाहीं. हें ओरडणें ‘रेस्क्यू’ या शब्दानें झेलतां येतें व तेथें काय करावें तें लिहितां येतें. कांहीं लोक रेस्क्यू लिहितात आणि त्याच्या पोटांत कांहींच लिहीत नाहींत, असें नातीनें सांगितलें. नापास मुलांचे कागद खणांत कोंबून निकाल शंभर टक्के लावणारे एक मास्तर आम्हांस ठाऊक होते. त्यांची आठवण झाली.

आतां हो-नाहींच्या पलीकडील गोष्ट. प्रत्येक सेवक काम संपतांना एक अंक मागें ठेवून जातो. रूबींत डॉलरचें चिन्ह व त्यापुढें प्रश्नचिन्ह असें लिहिलें कीं, नुकत्याच संपलेल्या हुकमाचा हा निकाल हातीं येतो. मात्र दुसरा हुकूम दिला कीं पहिल्याचा निकाल पुसला जातो, म्हणून तो तत्काळ टिपून ठेवावा. या अंकांत शून्य म्हणजे यश! पस्तीस वर्षें पेपर तपासलेल्या आमच्या हातास हें पचेना. शून्य मिळालेला मुलगा उत्तीर्ण? पण विचार करतां त्यांतील शहाणपण पटलें. यशस्वी होण्याचा प्रकार एक. फसण्याचे प्रकार अनेक. म्हणून एक ते दोनशेंपंचावन्न हे सारे अंक अपयशास मोकळे ठेविले. १२७ आला तर शेलला त्या नांवाचा हुकूम सांपडला नाहीं. बहुधा लिहिण्यांत चूक. १२६ आला तर सांपडला, पण चालवितां येत नाहीं. बहुधा परवानगी नाहीं. शेलकडून १३७ कळला तर सेवकास मध्येंच ठार केलें असें समजावें: १२८ अधिक ९, आणि नऊ हा ठार करण्याच्या खुणेचा क्रमांक. रूबीचा थेट चाकर असा मारला गेला तर अंकाच्या जागीं निल मिळतें, तेव्हां ‘शून्याहून मोठा आहे काय’ असें आंधळेपणानें विचारणारी आज्ञावली स्वतःच कोसळते.

बरें, शून्य नसलेला प्रत्येक अंक म्हणजे संकट असेंही नाहीं. शब्द शोधणारा ‘ग्रेप’ नांवाचा सेवक शब्द सांपडला तर शून्य, न सांपडला तर एक, आणि शोधतांच आलें नाहीं तर दोन सांगतो. आजोबांच्या वहींत ‘मोटार’ हा शब्द नाहीं, ही अडचण नव्हे, माहिती आहे. वहीच उघडली नाहीं, ही अडचण. फाइली ताडून पाहणारा ‘डिफ’ही असाच: सारख्या असल्यास शून्य, भिन्न असल्यास एक, घोटाळा झाल्यास दोन. ज्या सेवकास काम सांगावयाचें त्याची बोली आधीं शिकली पाहिजे. एका सेवकाचें उत्पन्न दुसऱ्याच्या ओंजळींत टाकणारी जी नळीची रचना आहे, तींत तर शेल मुकाट्यानें शेवटच्याचाच निकाल सांगतो. पहिला फसला तरी शून्य येऊं शकतें.

याहून सूक्ष्म गोष्ट सेवकाच्या दोन आवाजांची. कामाचें फळ तो एका वाटेनें बोलतो व तक्रार दुसऱ्या वाटेनें. रूबींत उलट्या अवतरणचिन्हांत हुकूम लिहिला तर फळ आपल्या हातीं येतें. तक्रार मात्र पडद्यावर वाहून जाते. आमचे दोनशेंबारा नकार असेच वाहून गेले. यास उत्तम तोड म्हणजे रूबीबरोबरच येणारा ‘ओपन-थ्री’ हा संच. त्यांतील ‘कॅप्चर-थ्री’ फळ, तक्रार व निकाल हीं तीनही वेगवेगळीं हातांत ठेवतो. आम्हीं आतां तोच धरला आहे. निकाल आधीं पाहतों, मग बाकीचें. सीतेचा शोध लावून आलेल्या मारुतीनें रामापुढें ती दिसली हें प्रथम सांगितलें, आणि प्रवासाची कथा मागाहून; दूत असावा तर असा.

नांवांतील मोकळ्या जागेनेंही आमचा एकदां बळी घेतला असता. आम्हीं एका छायाचित्रास ‘भाऊबीज १९३८’ असें नांव दिलें होतें. सबंध हुकूम एका ओळींत गुंफून दिला असतां तो शेलच्या हातीं जातो, आणि शेल मोकळ्या जागेवर पदच्छेद करतो. त्यास ‘भाऊबीज’ ही एक फाइल आणि ‘१९३८’ ही दुसरी वाटते. संस्कृतांत पदच्छेद चुकला तर अर्थाचा अनर्थ होतो व पंडित हंसतात. येथें फाइली जातात. नांवांत अर्धविराम असेल तर शेल तेथें एक हुकूम संपला व दुसरा सुरू झाला असें समजतो. मग परक्यानें धाडलेल्या फाइलीच्या नांवांतच ‘सर्व पुसून टाक’ असा हुकूम दडलेला असूं शकतो. हा धोका काल्पनिक नव्हे. अशा रीतीनें यंत्रांत शिरण्याचा चोरांचा धंदाच आहे. उपाय सोपा: सेवकाचें नांव, मूळ फाइल व नकलेचें ठिकाण हीं स्वल्पविराम देऊन वेगवेगळीं लिहावीं. मग मध्यें शेल येतच नाहीं आणि नांव जसेंच्या तसें पोंचतें.

एवढें सर्व शिकून आम्हीं नवी आज्ञावली लिहिली व फुशारकीनें नातीस दाखविली. तिनें ती वाचून विचारलें, “आणि डिस्क जोडायचीच राहिली तर?” आम्हीं करून पाहिलें. आमच्या लिनक्स यंत्रांत ज्या रिकाम्या कप्प्यावर डिस्क येऊन बसते, तो कप्पा डिस्क नसतांही जागेवर असतो. सेवकानें सर्व नकला त्या कप्प्यांत, म्हणजे त्याच संगणकावर, निमूटपणें केल्या आणि प्रत्येक वेळीं शून्य सांगितलें. तो खोटें बोलला नाहीं. सांगितलेलें काम त्यानें केलें होतें; आमच्या मनांतील काम झालें नव्हतें.

तेव्हां निकालाचा अंक पाहूनही मूळ पुसण्याची घाई करूं नये, हें आम्हांस आमच्या शेजारच्याच एका संस्थेनें पूर्वीं शिकवावयास हवें होतें. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आमच्या घरापासून सायकलीच्या टप्प्यांत आहे. मुंबईच्या कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. (हा कुलाबा निराळा, आमचा जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच होता, म्हणून खुलासा.) मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें सुया बिघडतील म्हणून वेधशाळा हालवावी लागली. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत अलिबागेस चुंबकत्वाचा लवलेश नसलेल्या सामग्रीची इमारत उठली, व १९०४ सालीं नोंदी सुरू झाल्या. पण म्हणून त्या दिवशीं कुलाब्याची वेधशाळा बंद केली नाहीं! १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले, ते ताडून पाहिले, आणि मगच जुनें ठिकाण सोडलें. विजेची ट्राम १९०७ सालीं धांवली. त्यामुळेंच त्या नोंदींची मालिका आज अखंड वापरतां येते. लहानपणीं शाळेच्या सहलीबरोबर आम्ही तेथें दोनदां गेलों, पुढें मुलांना घेऊन कितीदां तरी गेलों. वहींत ‘वेधशाळा पाहिली’ असें लिहून आलों.

आतां आमची आज्ञावली प्रथम डिस्क खरोखर जोडली आहे काय व तींत जागा किती आहे हें विचारते. नक्कल झाल्यावर निकाल पाहते. नंतर मूळ व नक्कल या दोहोंची शा-२५६ नांवाची बोटांच्या ठशासारखी खूण काढून ताडते. एक अक्षर बदललें तरी ती खूण सर्वस्वीं बदलते. तक्रार आल्यास तारीख व वेळ घालून ती एका वहींत टिपते आणि थांबते. पुसण्याचें काम तिच्याकडून आम्हीं काढूनच घेतलें आहे. तें महिन्याअखेर आम्ही आपल्या हातांनीं करतों. ‘सर्व काम पूर्ण’ ही ओळ अजून आहे, पण आतां ती कमावलेली असल्याशिवाय उमटत नाहीं.

गेलेल्या २१२ पानांपैकीं १४० पुतण्याच्या जुन्या फोनमध्यें सांपडलीं. राहिलेलीं बहात्तर १९४८ च्या श्रावणापासून पुढील दिवाळीपर्यंतचीं. त्यांत आमच्या आत्याच्या लग्नाचा सारा खर्च होता. आत्या आतां चौलास असते. वय चौऱ्याण्णव, दृष्टि अधू, स्मरण खणखणीत. गेल्या महिन्यापासून दर गुरुवारीं आम्ही तिच्याकडे जातों व ती सांगेल तें उतरून घेतों. मांडवास बांबू किती लागले, गॅसच्या बत्त्या कोणाकडून आणविल्या, रुखवतांत काय होतें, हें तिनें न अडखळतां सांगितलें. परवां म्हणाली, “आणि लिहून घे, वरपक्षाकडच्या मंडळींना पहिल्या पंगतीला श्रीखंड पुरलं नाहीं. अण्णांनीं तें वहींत लिहिलं नव्हतं. मीं स्वतः वही पाहिली होती.”